लिलाला मानवलेली जागा

ओतिलिया ओयार्सो पृथ्वीच्या दक्षिण टोकाजवळच्या बेटावर, पोर्वेनिर गावात राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर सामान असं फारसं नव्हतंच. एक लोखंडी पलंग, दोन पेट्या, पाव भाजायचे काळवंडलेले पत्रे आणि चरबीच्या जुन्या डब्यात रोवलेली एक काडी. काडीच्या टोकाला दोन कोंब होते म्हणून तिला झाड म्हणायचं, एवढंच. पिकअपवाल्या पोराने सगळं उतरवलं आणि शेवटी डबा हातात घेऊन विचारलं, "हे कुठे ठेवू, मावशी?"

ओतिलिया नव्या घराच्या अंगणात उभी राहिली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वाऱ्याने डोक्यावरचा रुमाल उडत होता तो एका हाताने दाबून धरला होता. म्हणाली, "ते मलाही अजून कळलेलं नाही. आत्ता दाराशी ठेव."

हे 'अजून' पुढे काही वर्षं चाललं.

काडी लिलाची होती. लिला म्हणजे जांभळ्या फुलांचे भरगच्च घोस येणारं झुडूप, इंग्रजीत ज्याला लायलॅक म्हणतात ते. ओतिलियाने ती आणली होती 'ला पासिएन्सिया'मधून. बेटाच्या पोटात, जिथे नजर जाईल तिथवर पिवळं गवत आणि मेंढ्या, अशा ठिकाणचं ते मेंढ्यांचं मोठं ठाणं. चिलोए बेटावरून पोरवयात ती तिथे स्वयंपाकाला म्हणून आली आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिली. तिच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती. खिडकीतून समोर मॅनेजरचं घर दिसायचं आणि त्या घराच्या कोपऱ्यावर, मेंढ्यांनी तोंड घालू नये म्हणून चारी बाजूंनी फळ्या ठोकून बंद केलेली एक लिला.

डिसेंबरात, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, लिला फुलायची आणि डिसेंबरातच मेंढ्यांची कातरणी सुरू व्हायची. कातरणीला बाहेरून माणसं यायची, सकाळी मटणाचे तुकडे तळा, दुपारी रस्सा, मध्ये चहा, संध्याकाळी पुन्हा पाव. ओतिलियाचे हात पिठातून निघायचे ते चरबीत. खिडकीतून तिला फळ्यांच्या वर एक जांभळा ढीग दिसायचा, वाऱ्यावर डुलणारा. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणेपर्यंत कातरणी संपायची आणि फुलं तपकिरी होऊन गळून गेलेली असायची. दरवर्षी हेच. तक्रार करावी असं तिला कधी वाटलं नाही, पण एक प्रश्न मात्र मनात घर करून राहिला. या उघड्या माळावर दुसरं एक झुडूप उभं राहत नाही. एकामागून एक आलेल्या मॅनेजरांच्या बायकांनी गुलाब लावून पाहिले, काय काय लावून पाहिलं, सगळं वाऱ्याने खाल्लं. मग हीच कशी जगली?

ठाणं विकलं गेलं, माणसं पांगली. शेवटच्या आठवड्यात मॅनेजर म्हणाला, कोठारातलं ज्याला जे हवं ते घ्या. कुणी खोगीर घेतलं, कुणी कढया. ओतिलियाने लिलाच्या बुडातून फुटलेला एक कोंब मुळासकट मागितला.

"अहो, घ्या की," मॅनेजर म्हणाला. "पण ते गावात धरायचं नाही. खाडीवरून वारा केवढा येतो."

"इथे काय कमी येतो?"

मॅनेजरने डोकं खाजवलं. "ती माझ्या आधीपासून आहे इथे. मला काय विचारता."

म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. ओतिलियाला याचं जरा समाधानच वाटलं.

पोर्वेनिरमधलं घर लहान होतं, पण पाठीमागे-पुढे मिळून अंगण बरंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर जमीन आली होती आणि त्या जमिनीशी कसं वागायचं ते तिला ठाऊक नव्हतं. आंबट देठांचा रुबार्ब तर आपोआपच उगवला होता, तो त्या गावात सगळ्यांच्याच अंगणात उगवतो. बटाटे तिने लावले. लिलाचं मात्र ठरेना. एकदा मातीत गेली की गेली, म्हणून तिने ती डब्यातच ठेवली आणि डबा उचलून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवू लागली. चार दिवस इथे, आठ दिवस तिथे. रोज सकाळी 'माते' नावाच्या कडवट पाल्याच्या चहाचा गरम प्याला हातात धरून, नळीने घोट घेत ती डब्यासमोर उभी राहायची आणि पानांकडे बघायची.

हे शेजारच्या विंको मिमिकाच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. पश्चिमेकडचं घर त्याचं. धक्क्यावर सुतारकाम करून निवृत्त झालेला, बायको वारलेली, मुलगा सामुद्रधुनीपलीकडे पुंता अरेनासला. दिवसभर त्याला बोलायला माणूस लागायचं. त्याचे आजी-आजोबा ॲड्रियाटिक समुद्रातल्या ब्राच बेटावरून आलेले, आणि जगातली कुठलीही गोष्ट असो, तिच्याबद्दल त्याच्या आजीचं काहीतरी म्हणणं असायचंच.

"शेजारीणबाई," तो कुंपणावरून ओरडायचा, "आज तुमच्या झाडाची बदली कुठे झाली?"

"बटाट्यांजवळ, दॉन विंको."

"गेल्या आठवड्यात फाटकाशी होतं की हो. काही कुरापत केली का त्याने तिथे?"

फाटकापाशी तिने ते मोठ्या आशेने ठेवलं होतं. तिथे आधीच्या मालकाने पश्चिमेच्या बाजूला जस्ताच्या पत्र्याचं उंच कुंपण घातलं होतं, पक्कं, बोटभरही फट नसलेलं. त्याच्या आडोशाला झाड निर्धास्त राहील असं कुणालाही वाटलं असतं. पण नोव्हेंबरचे वारे सुरू झाले आणि आडोशाला असूनही लिलाची पानं कडेने फाटली, चुरगळली, आणि शेवटी जळाल्यासारखी काळी झाली. ओतिलियाला कळेना. पत्र्याआड वारा लागायलाच नको होता.

"मी सांगतो," विंको म्हणाला. "माझी आजी म्हणायची, लिला लावावी घराच्या दक्षिणेच्या भिंतीला. तिच्या माहेरी तशीच होती. भिंतीला टेकवून लावा, मग बघा."

"दक्षिणेला?" ओतिलियाने मान वर करून घराच्या त्या बाजूकडे पाहिलं. "तिथे हिवाळाभर ऊन येत नाही."

"आजी तिकडची, लिलाही तिकडची. त्या दोघींना एकमेकींचं कळत असणार. मला नि तुम्हाला काय कळतंय?"

जन्मभर दुसऱ्याने सांगितलेला स्वयंपाक केलेल्या बाईला एवढा खात्रीचा आवाज पुरतो. तिने दक्षिणेच्या भिंतीशी खड्डा खणला आणि लिला पहिल्यांदा डब्यातून मातीत गेली.

हिवाळा आला, बर्फ पडला. गावातलं बाकीचं बर्फ वितळलं तरी त्या भिंतीशी ते तसंच, घाणेरडं आणि कडक. ऑक्टोबरात जमीन मोकळी झाली तर पायाखाली चिखल पचपचत होता. लिलाच्या खोडावर हिरवट शेवाळ आलं होतं. कोंब होते, पण ते फुगायला तयार नव्हते. ओतिलियाने विंकोला बोलावून दाखवलं. त्याच्या ते मनाला लागलं. आपली चूक झाली तर चालेल, पण आजीची चूक व्हावी हे त्याला मान्य होईना. तो घरी गेला आणि एक फोटो घेऊन आला. फोटोत एक सडपातळ तरुण बाई, दगडी भिंत, आणि तिच्या डोक्यावर फुलांनी वाकलेली फांदी.

"हे बघा. ही भिंत. दक्षिणेची. माझ्या बापाने शंभरदा सांगितलंय."

ओतिलियाने फोटो हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "आजीने डोळे बारीक का केलेत?"

"ऊन आहे ना समोर."

"दक्षिणेच्या भिंतीला ऊन?"

विंको फोटोवर वाकला. त्याने फोटो परत घेतला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. उत्तरेकडून तिरपं ऊन टेबलावर येत होतं, या गावात कायम येतं तसं. "बाप म्हणायचा खरं," तो सावकाश म्हणाला, "तिकडे सूर्य उलट्या बाजूने जातो म्हणून. मला वाटायचं थट्टा करतोय."

"म्हणजे आजी बरोबर होती."

"आजी बरोबरच होती," विंको म्हणाला आणि त्याचा चेहरा पुन्हा फुलला. "आपणच पृथ्वीच्या चुकीच्या टोकाला येऊन बसलो, त्याला ती काय करणार?"

दोघं हसले. त्यानंतर विंको अधूनमधून चहाला यायला लागला. आजीचा सल्ला उलटा करून लिला उत्तरेच्या भिंतीला गेली, ओतिलियाच्या स्वयंपाकघराच्या बाहेरच्या अंगाला. आत चूल दिवसभर पेटलेली, बाहेर ऊन. भिंतीला हात लावला तर हिवाळ्यातही कोमट लागायची. ओतिलियाला वाटलं, आता शोध संपला. पुढच्या हिवाळ्यात तिने पिठाच्या हातानेच खिडकी उघडून खाली वाकून पाहायची सवय लावून घेतली. आणि ऑगस्ट संपतासंपता, गावातली सगळी झाडं काळी आणि निर्जीव उभी असताना, लिलाचे कोंब हिरवे झाले. फुगले. त्यांतल्या दोन-तीनांच्या पोटात बारीक जांभळट दाणे दिसायला लागले. फुलांच्या कळ्या.

ओतिलियाने त्या दिवशी सोपाइपिया, म्हणजे पिठाचे फुगीर वडे, तळून विंकोकडे पाठवले, कारण न सांगता.

ऑक्टोबरच्या एका स्वच्छ पहाटे हिव पडलं. सकाळी पूर्वेकडून ऊन त्या भिंतीवर थेट आलं, गोठलेल्या कळ्यांवर तापलं, आणि दुपारपर्यंत सगळं काळं पडून लोंबू लागलं. उकडलेल्या पालेभाजीसारखं. ओतिलिया बाहेर येऊन पाहत उभी राहिली. रडण्यासारखं काही नव्हतं, झाड मेलेलं नव्हतं. पण हातातला झारा खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

"मला वाटलंच होतं," कुणीतरी म्हणालं.

पूर्वेकडच्या घराची खिडकी उघडी होती आणि खिडकीत नेलिदा कार्कामो बसलेली होती. नेलिदा स्वेटर विणून विकायची. तिचे गुडघे कामातून गेले होते, त्यामुळे ती दिवसभर त्या खिडकीत, आणि त्या खिडकीतून ओतिलियाचं अख्खं अंगण दिसायचं. इतके दिवस दोघींचं नुसतं मान हलवण्यापुरतं होतं. नेलिदाला वाटायचं, ठाण्यावरून आलेली ही बाई शिष्ट आहे. ओतिलियाला वाटायचं, विणणाऱ्या बाईचं लक्ष सुयांवर आहे.

"काय वाटलं होतं?"

"तुमच्या त्या भिंतीशी बर्फ सगळ्यांत आधी वितळतं. मी दरवर्षी बघते. झाडाला वाटणार, वसंत आला. त्याला थोडंच माहीत आहे की आतमध्ये तुमची चूल आहे."

ओतिलिया कुंपणापाशी गेली. "मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं का नाहीत?"

ठाण्यावर कुणाला काही विचारल्याचं ओतिलियाला आठवत नव्हतं. तिथे तिलाच विचारायचे, जेवण कधी. ती म्हणाली, "आता विचारते. तुम्हाला आणखी काय दिसतं तिथून?"

नेलिदाने विणकाम मांडीवर ठेवलं. असं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. तिला पुष्कळ काही दिसत होतं. बटाट्यांपलीकडच्या खोलगट भागात सकाळचं हिव सर्वांत उशिरापर्यंत टिकतं, दूध सांडल्यासारखं साचून राहतं. मागच्या बाजूला जिथे जमीन थोडी चढते तिथे पाणी राहत नाही. दुपारनंतर ऊन कुठे असतं, घराची सावली कुठवर येते. आणि म्हणाली, "तुमच्या चादरी."

"चादरींचं काय?"

"एका टोकाच्या वेड्यासारख्या फिरतात, दुसऱ्या टोकाच्या शहाण्यासारख्या वाळतात. मला रोज करमणूक असते."

ओतिलियाची कपडे वाळत घालायची दोरी पश्चिमेच्या कुंपणाला समांतर होती. पुढे जस्ताचा पत्रा होता, तिथून सुरू होऊन मागे विंकोच्या जुन्या फळ्यांच्या कुंपणापाशी संपायची. त्या फळ्या विंकोच्या बापाने ठोकलेल्या. लाकूड पार करडं पडलेलं, दोन फळ्यांमध्ये दोन-तीन बोटांची फट, काही ठिकाणी फळीच नाही. ओतिलिया दरवेळी वाळलेले कपडे काढताना पत्र्याकडच्या चादरींचे पीळ सोडवायची आणि मनात वाऱ्याला शिव्या द्यायची. दोरीच्या दुसऱ्या टोकाकडे तिने लक्ष दिलं नव्हतं, कारण तिथे लक्ष देण्यासारखं काही घडतच नव्हतं.

पुढच्या धुण्याला तिने मुद्दाम सगळ्या सारख्या चादरी घातल्या आणि पायरीवर बसून पाहिलं. खाडीवरून वारा सुटला होता. पत्र्यावर तो आपटायचा, उडी मारून वर जायचा आणि पलीकडे दाणकन खाली यायचा. चादर आधी कुंपणाकडे ओढली जायची, मग वर, मग दोरीभोवती तीन वेढे. पक्क्या पत्र्याआडच वारा सर्वांत पिसाळलेला. फळ्यांपाशी मात्र तो फटींतून चाळून आल्यासारखा यायचा. चादर फुगायची, बसायची, पुन्हा फुगायची. ओतिलियाला 'ला पासिएन्सिया'ची खिडकी आठवली. त्या फळ्या मेंढ्यांसाठी ठोकलेल्या होत्या. त्यांनाही फटी होत्या. कुणी वाऱ्याचा विचारच केला नव्हता.

ती उठली, मागे गेली, फळ्यांपासून दोन पावलांवर थोड्या चढाच्या जागी उभी राहिली. सकाळचं ऊन घराच्या सावलीमुळे इथे उशिरा पोचत होतं. तोवर हिव आपलं आपण सुटलेलं असणार. दुपारचं सगळं ऊन इथेच. पायाखाली कोरडं. चूल लांब. तिने टाचेने जमिनीवर खूण केली.

त्याच संध्याकाळी विंकोच्या दारात जस्ताचे नवे पत्रे येऊन पडले.

"शनिवारी मुलगा येतोय," विंको मोठ्या खुशीत सांगू लागला. "ते जुनं मोडकं कुंपण काढून टाकतो. तुमच्या पुढच्या पत्र्याला जोडून सरळ मागेपर्यंत. तुमच्या झाडाला पण आडोसा."

"नका काढू, दॉन विंको."

"काय नको काढू?"

"फळ्या. मला त्या हव्यात."

"त्या फळ्या? कुंपण आहे का बोळकं आहे ते? धक्क्यावर माणसं मला हसतात. सुताराच्या घराचं कुंपण म्हणे."

"मला त्यातल्या फटी हव्यात," ओतिलिया म्हणाली.

विंकोने तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाईला थंडीच बाधली असावी. "फटी काय, शेजारीणबाई, मी तुम्हाला टोपलीत भरून देतो."

तिने त्याला समजावायचा प्रयत्न केला. वारा उडी मारतो, खाली आपटतो, फळ्यांतून चाळला जातो. तोंडाने सांगताना तिचं तिलाच ते खुळ्यासारखं वाटलं. विंको मान हलवत राहिला. चाळीस वर्षं धक्क्यावर वाऱ्यात उभा राहिलेला मी, मला तुम्ही वारा शिकवता? वारा अडवायचा तर घट्ट अडवायचा. आणि पत्रे आता आलेले आहेत. बोलणं जरा तापलंच. तो घरात निघून गेला आणि पुढचे दोन दिवस कुंपणावरून बदलीची चौकशी झाली नाही.

शुक्रवारी ओतिलियाने धुणं नसताना चादरी भिजवल्या आणि वाळत घातल्या. मग जाऊन त्याचं दार ठोठावलं. "तुम्ही मला वारा शिकवा," ती म्हणाली. "चला."

विंको तिच्या अंगणात आला, हात खिशात घालून. चादरी बघितल्या. पत्र्यापाशी गेला, तोंडात सिगारेट धरली आणि काडी ओढली. विझली. दुसरी ओढली, ओंजळ करून, विझली. मग तो सरळ मागे चालत गेला, फळ्यांपाशी उभा राहिला आणि तिसरी काडी ओढली. ज्योत वाकडी झाली, थरथरली, पण राहिली. सिगारेट पेटल्यावरही त्याने काडी फेकली नाही. ती बोटांपर्यंत जळत येईपर्यंत बघत राहिला.

"पुन्हा करून बघू," तो म्हणाला.

दोघांनी अर्धी काडेपेटी संपवली. पत्र्यापासून जवळ, लांब, खाली बसून, उभं राहून. विंको आता पोरासारखा इकडून तिकडे पळत होता. खिडकीतून नेलिदा हातवारे करून सांगत होती, अजून डावीकडे जा, तिथे चादर जास्त फिरते. शेवटी तो फळ्यांना टेकून धापा टाकत म्हणाला, "माझ्या बापाने घट्ट कुंपण घातलं नाही ते लाकूड कमी पडलं म्हणून. आम्ही त्याला कंजूष म्हणायचो."

शनिवारी मुलगा आला तो दोन दिवस सडक्या फळ्या बदलत बसला. नव्या ठोकताना विंकोने दोन बोटं मध्ये धरून फट मोजून घेतली. पत्रे त्याच्या लाकडाच्या खोपीच्या छपराला गेले. आणि त्यानंतरच्या महिनाभरात पोर्वेनिरमधल्या प्रत्येक माणसाला विंको मिमिकाकडून कळलं की वारा अडवायचा नसतो, चाळायचा असतो, आणि ही गोष्ट त्याने, म्हणजे विंकोने, एका काडेपेटीच्या साहाय्याने शोधून काढली. ओतिलियाने हे दुकानात ऐकलं. ती पीठ घेऊन घरी आली. तिला त्यात गंमत वाटत होती.

लिला खुणेच्या जागी गेली. पहिल्या उन्हाळ्यात पानं फाटली नाहीत, एवढंच झालं. दुसऱ्या वर्षी उंची वाढली. विंको विचारायचा, "काय, पगारी सुट्टीवर आहे का अजून?" ओतिलिया म्हणायची, "इतक्या बदल्या झाल्यावर तुम्हालाही रुळायला वेळ लागला असता." मध्यंतरी तिला एक नवीनच नाद लागला होता. ती गावात फिरायला जायची आणि कुणाच्या अंगणात एखादं फुलझाड जगलेलं दिसलं की फाटकाशी थांबून विचारायची, हे इथेच का लावलंत? बहुतेकांना सांगता यायचं नाही. मग ते तिला आत बोलवायचे आणि दोघं मिळून शोधायचे. एकीचा गुलाब धुराड्याच्या मागे होता. एकाचं झुडूप उलटलेल्या होडीच्या आडोशाला. चहा व्हायचा, रुबार्बचा मुरंबा व्हायचा. चार वर्षांपूर्वी गावात कुणाला ओळखत नसलेली बाई आता रस्त्याने जाताना दर दुसऱ्या दाराशी थांबत होती.

तिसऱ्या डिसेंबरात लिलाला तीन घोस आले. लहान, फिके, पण घोसच. त्यानंतरच्या हिवाळ्यात विंकोची छाती बिघडली आणि मुलाने त्याला पुंता अरेनासला नेलं. बोटीवर चढताना त्याच्या हातात चरबीचा डबा होता आणि डब्यात लिलाचा एक कोंब. पंधरा दिवसांनी त्याने फोन केला. मुलाच्या घराला चहूबाजूंनी विटांची भिंत आहे, आता काय करायचं. ओतिलिया त्याच्याशी अर्धा तास बोलली. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे, आधी सुनेच्या चादरी मागतो." नंतरच्या वर्षी तो गेल्याची बातमी आली. ओतिलिया बोटीने सामुद्रधुनीपलीकडे गेली, दफनाला उभी राहिली आणि येताना त्याच्या मुलाला सांगून आली की ते झाड निदान तीन वर्षं हलवू नका.

त्यानंतरच्या डिसेंबरात लिला खरी फुलली. झुडूप आता ओतिलियाच्या डोक्याच्या वर गेलं होतं आणि पानं दिसू नयेत इतके घोस. ओतिलिया सकाळपासून त्याच्याभोवती होती. आयुष्यात पहिल्यांदा डिसेंबरात तिला कुणाचं जेवण करायचं नव्हतं. तिने फुलं बोटांनी चाचपली, पाकळ्या मोजाव्यात इतक्या जवळून पाहिली. मग नाक लावलं. वास होता, पण अगदी पुसट. जरा मागे सरली की काहीच नाही. वारा फटींतून येत होता आणि होतं नव्हतं ते घेऊन जात होता. एवढ्या फुलांचा वास एवढासाच कसा, या विचारात ती संध्याकाळपर्यंत घुटमळली.

"ओतिलिया," खिडकीतून नेलिदाने हाक मारली. "अगं, तिथे काय करतेस? इकडे ये."

"का गं?"

"ये तर."

ओतिलिया फाटकाला वळसा घालून नेलिदाच्या घरी गेली. नेलिदाने खिडकीजवळची दुसरी खुर्ची लोकरीचे गुंडे उचलून मोकळी करून ठेवली होती. खिडकी वीतभर उघडी होती. ओतिलिया बसली. बाहेर झुडूप डुलत होतं. आधी काहीच जाणवलं नाही. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि खोली भरून गेली. गोड, जड, थोडा मधासारखा, थोडा साबणासारखा वास. पडदा खाली बसला तरी तो रेंगाळत राहिला.

ओतिलियाने डोळे मिटले नाहीत. ती खिडकीतून आपल्याच अंगणाकडे बघत होती.

"सकाळपासून येतोय," नेलिदा म्हणाली. "मला वाटलं तुलाही येत असेल."

"माझ्याकडे काहीच नाही."

"सगळा इकडेच येतो म्हणजे."

"रोज येतो?"

"पश्चिमेचा वारा असला की."

"म्हणजे रोज," ओतिलिया म्हणाली आणि खुर्ची जराशी खिडकीजवळ ओढली.

"येताना उद्या पाव घेऊन ये," नेलिदा म्हणाली, आणि तिने सुया पुन्हा हातात घेतल्या.